देवांच्या अंघोळीचं पाणी

माझ्या आईच्या हाताला गुण आहे, असं आमची अख्खी गल्ली म्हणायची. सांगलीला शेजारणी आपला वाळत चाललेला मोगरा कुंडीसकट तिच्याकडे आणून ठेवायच्या आणि फुलला की घेऊन जायच्या. विरजण न्यायचं तर तिच्याकडूनच. कुणाला बाळ झालं की पहिले दहा-बारा दिवस अंघोळ घालायला हिला बोलावणं. मला या सगळ्याचा रागच यायचा, कारण माझ्या हाताला असला काही गुण नव्हता आणि ते मला येता-जाता ऐकवलं जायचं. आईचं काही उचललं नाहीस बघ, असं म्हणणाऱ्या बायकांना मी तोंडावर उलटून बोलत असे.

आता ती कशालाच हात लावत नाही. ते कसं झालं हे सांगायचं तर समुद्रघोड्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि समुद्रघोडे माझ्या घरात आले ते काही माझी हौस म्हणून नव्हे.

मी २००८ साली नवऱ्यामागून आयर्लंडला आले. एनिस नावाचं लहानसं गाव, नवऱ्याची नोकरी शॅननला. तो सकाळी गाडी घेऊन जायचा आणि मी घरात. पासपोर्टावर शिक्का होता, त्याचा सरळ अर्थ असा की या बाईनं इथं राहावं, खावं, प्यावं, पण काम करू नये. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, कॉलेजात शिकवलेली बाई मी. दुपारी खिडकीत उभी राहून समोरच्या अर्धवट बांधून सोडून दिलेल्या घरांच्या रांगेकडे बघत असायची. पहिल्या वर्षी मी नवऱ्याशी भांडत होते, दुसऱ्या वर्षी भांडायचाही कंटाळा आला.

आमच्या शेजारी एक आयरिश कुटुंब होतं. तो बांधकामांवर वायरमन होता. बांधकामंच बंद पडली, तेव्हा त्यांनी ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं. त्या वर्षी आमच्या इस्टेटमधून, म्हणजे घरांच्या वसाहतीतून, तशी बरीच घरं रिकामी झाली. सोफा कुणी नेला, मुलांची सायकल कुणी नेली, उरली एक काचेची उंच टाकी. तिच्यात खारं पाणी, वाळू, दगड, काड्या, आणि दोन समुद्रघोडे. पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा फार्ममध्ये जन्मलेले, कधी समुद्र न पाहिलेले. 'तू एकदा सांगितलंस ना, तू झूऑलॉजीवाली आहेस,' तो म्हणाला. 'यांचं काही करावं लागत नाही. दे आर ग्रँड.'

या देशात ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक', आणि ठीक म्हणजे नेमकं काय हे कळायला मला अजून वेळ होता.

समुद्रघोड्याला जठर नसतं. खाल्लेलं आरपार जातं, म्हणून त्याला दिवसातून दोन-तीनदा भरवावं लागतं, तेही गोठवलेल्या बारीक कोळंब्या पाण्यात मोकळ्या करून, पिपेटनं त्याच्या तोंडासमोर सोडून. पोहता धड येत नाही. पाण्याला ओढ जास्त झाली तर दमतो, कमी झाली तर घाण साचते. शेपटीनं कशाला तरी धरून बसणं एवढंच त्याला नीट जमतं. त्या वितभर जिवांसाठी टाकीखालच्या कपाटात पंप, फिल्टर, मिठाची बादली, पाणी तपासायच्या बाटल्या असा संसार. नाकापेक्षा मोती जड, असं नवरा म्हणायचा आणि तरी रविवारी माझ्याबरोबर बादल्या उचलायचा.

मी त्यांना जपलं. दुसरं काय होतं करायला. पण खरं सांगायचं तर त्यांनी मला जपलं असं म्हणावं लागेल. सकाळी दिवा लागला की ती दोघं आपापल्या काडीवरून सुटायची, एकमेकांजवळ यायची, रंग जरा उजळायचा, आणि शेपट्या गुंतवून थोडा वेळ गोल फिरायची. रोज. जणू रात्रभर एका टाकीत नव्हतीच. मग पुन्हा आपापल्या जागी. मी चहा घेऊन समोर बसायची आणि ते होईपर्यंत उठायची नाही.

२०११च्या उन्हाळ्यात बाबा गेले. मी एकुलती एक. फोन आला तेव्हा ते दवाखान्यात होते, विमान मुंबईला टेकलं तेव्हा नव्हते. मी सांगलीला पोचले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. मी ते हात असे रिकामे कधी बघितले नव्हते. तेराव्यानंतर मी निघाले. तिला एकटी सोडून आले, कारण व्हिसा काढायला कागद लागतात आणि कागदांना महिने लागतात. पुढच्या मार्चमध्ये ती आली, तीन महिन्यांसाठी. म्हातारी आई कायमची आणायची सोय त्या देशात आमच्यासारख्यांना नव्हती, म्हणजे जे काय ते हे तीन महिने. तेवढ्यात तिला माणसांत आणायचं, तिचे हात पुन्हा चालते करायचे, एवढं एकच मी ठरवलं होतं.

तिनं बरोबर देव आणले होते. बाबांकडचे देव. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक शाळिग्राम, दोन चांदीचे टाक, सगळं एका लोकरी मोज्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत. आणि तांब्याचं ताम्हन, तांब्याचा गडू, पळी. 'देव उपाशी ठेवून कशी येऊ,' ती म्हणाली. मुलगी असल्यामुळे ते देव पुढं माझ्याकडे यायचे नव्हतेच, माझ्याकडे सासरचे. बाबांनंतर त्या देवांना कुणी नाही, हे ती बोलत नसे. पण रोज अंघोळ घालताना त्यांना जरा जास्तच वेळ पुसायची.

पहिले काही आठवडे तिनं पूजेशिवाय काही केलं नाही. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. स्वयंपाकघरात यायची आणि दारात थांबायची, परक्याच्या घरात थांबतात तशी. मी पोळ्या वाकड्या लाटल्या तरी ती काही म्हणायची नाही, आणि त्यानंच मला धडकी भरायची. माझ्या पोळ्यांना नावं न ठेवणारी आई मला माहीत नव्हती.

मग एके सकाळी ती टाकीसमोर येऊन उभी राहिली. समुद्रघोड्यांचा तो सकाळचा फेर चालला होता.

'हे काय करतायत गं?'

'एकमेकांना भेटतायत. रोज भेटतात.'

ती बघत राहिली. 'यातला बाप्या कुठला?'

मी दाखवला. नराच्या पोटाला पिशवी असते, मादी अंडी त्याच्या पिशवीत घालते आणि पिल्लं तोच वाढवतो, बाळंतपण त्याचंच, हेही सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी हललं.

'बरं झालं,' ती म्हणाली. 'एकदा त्यांनाबी कळू दे.'

मी मोरीत जाऊन रडले. मोरी म्हणजे बाथरूमच, पण आईसमोर ती मोरीच होते.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला काम दिलं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज वरून घालावं लागतं, काचेवर मी मारलेल्या खुणेपर्यंत. गोडं पाणीही नळाचं चालत नाही. आमच्या गावच्या नळावर तर माणसांचाही भरवसा नव्हता. मी गाळलेल्या पाण्याचा कॅन आणून ठेवायची. 'या कॅनमधलं घालायचं, हळूहळू, खुणेपर्यंत. एवढंच.' आई मन लावून करायची. मग भरवायलाही शिकली. पिपेट तिच्या हातात पळीसारखी दिसायची. नर तिच्या हाताजवळ यायला लागला, माझ्याजवळ तो कधी आला नव्हता. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, हाताला गुण आहे. त्या दिवशी आईनं माझ्या पोळीला पहिल्यांदा नाव ठेवलं आणि लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

आता देवांच्या अंघोळीच्या पाण्याचं. ते पाणी मोरीत किंवा सिंकमध्ये ओतत नाहीत, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. उष्ट्याखरकट्यात ते जाता कामा नये, कुणाचा पाय पडता कामा नये. तुळशीला घालायचं, नाहीतर झाडाला. माझी तुळस दोन वेळा आणून दोन वेळा मेली होती. त्यामुळे आई ताम्हन घेऊन मागच्या दारानं बाहेर जायची आणि कुंपणाच्या झुडपाच्या मुळाशी ते पाणी घालायची. मागच्या फरशीवर बारा महिने शेवाळ. एका सकाळी पाय घसरून ती पडली. हाड मोडलं नाही, पण ताम्हन खणखणत लांब गेलं आणि मी आतून धावत आले. घाबरले की मला राग येतो, हा माझा जन्मजात दोष. 'बाहेर पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते,' मी ओरडले. 'इथं तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?'

ती पुन्हा बाहेर गेली नाही. मी विचारलंही नाही की पाणी आता कुठं घालतेस. कशाला विचारीन? घरात जिवंत काही आहे का, झाड नाही तर निदान पाणी, जिथं कुणाचा पाय पडत नाही अशी जागा, असा विचार करणारीला माझ्या घरात एकच जागा दिसणार होती. आणि तिथं रोज गोडं पाणी घालायचं काम तर मीच तिला दिलं होतं.

आधी गोगलगायी गेल्या. काच स्वच्छ ठेवायला चार-पाच होत्या, त्या एकेक करून वाळूत पडल्या. मला वाटलं म्हाताऱ्या झाल्या असतील. मग दगडात राहणारी लाल पट्ट्याची कोळंबी दिसेना. मी पाणी तपासलं, माझ्याकडच्या बाटल्यांत जे तपासता येतं ते सगळं ठीक होतं. थोडं पाणी बदललं. मग एका सकाळी दिवा लागला, नर काडीवरून सुटला, आणि मादी सुटलीच नाही. खाणं सोडलं तिनं. चार दिवसांनी ती तळाला आडवी होती.

मी तिला जाळीनं काढलं. आई मागे उभी होती. मला भीती होती ती पुन्हा भिंतीला टेकून बसेल. पण उलट झालं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, 'त्याला मी सांभाळते. तू जा, तुझी कामं कर.' एकट्या उरलेल्याचं कसं करायचं हे आपल्याला कळतं, असं तिला वाटलं असावं. नर सकाळी सुटायचा, मादी ज्या काडीला धरून बसायची तिच्यापाशी जायचा, तिथं थोडा वेळ थांबायचा आणि परत यायचा. आई त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते मी ऐकलं नाही, मी तिकडे जायचंच टाळत होते.

तोही खाईनासा झाला तेव्हा मी टाकीचं पाणी बाटलीत घेऊन लिमरिकच्या मत्स्यालयाच्या दुकानात गेले. दुकानदारानं चार चाचण्या केल्या, डोकं खाजवलं आणि पाचवी केली. बाटलीतलं पाणी रंगलं.

'कॉपर आहे,' तो म्हणाला. 'बरंच आहे. घरात नवीन नळ बसवलेत का? की कसलं औषध घातलंस?'

मी दोन्हीला नाही म्हटलं.

'मग युअर मॅनला, तुझ्या त्या घोड्याला, काही आशा नाही असं नाही, पण ते कुठून येतंय ते आधी शोध.' त्यानं तांबं शोषून घेणारी एक पिशवी दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परत येताना गाडीत मी सगळे नळ मनात मोजले. कॅनच्या पाण्यात तांबं कुठून येणार? सडकेवर खताचा टँकर पुढं चालला होता, त्याला मागे टाकता येत नव्हतं, आणि मी त्याला मराठीत शिव्या देत होते. मला खरंच कळलं नव्हतं. एम.एस्सी. झालेल्या बाईला, तांब्याच्या पेल्यातलं पाणी पीत लहानाची मोठी झालेल्या बाईला कळलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी कळलं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आई टाकीपाशी होती. तिच्या हातात ताम्हन होतं. ती ते दोन्ही हातांनी तिरकं करून हळूहळू, मी सांगितलं होतं तसं, काचेवरच्या खुणेपर्यंत पाणी घालत होती. ओठ हलत होते. शेवटी तिनं दोन थेंब बोटांवर घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावले.

ताम्हन चिंचेनं घासलेलं, लालभडक चमकत होतं.

'आई, हे काय घालतेस?'

'देवांच्या अंघोळीचं,' ती म्हणाली. 'गंधफूल काढून घेते गं मी. दुधाचंबी नाही घालत. नुसतं शुद्ध पाणी. तुझ्याच कॅनमधलं, रात्री गडूत भरून ठेवते. त्याला बरं नाही ना, म्हणून हल्ली थोडं जास्त घालते. तीर्थच आहे.'

मला तिथं काय काय करता आलं असतं हे माझं नंतर पुष्कळ वेळा बघून झालंय. गप्प बसून गडूच्या जागी स्टीलचा तांब्या ठेवता आला असता. टाकी फुटली म्हणता आलं असतं. पण तो नर अजून जिवंत होता, माझं सगळं लक्ष त्या पाण्यात होतं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते खरं होतं.

'तांबं विष आहे त्यांना, आई. त्यानंच मेलं सगळं.'

तिनं ताम्हन खाली ठेवलं. आवाज होऊ न देता ठेवलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, काहीतरीच काय, तांब्याचं पाणी औषधी असतं. ती भांडेल. मला तिनं भांडायला हवं होतं.

'त्या गोगलगायीबी त्यानंच?' तिनं विचारलं.

'हो.'

'आणि ती?'

आई साडीला हात पुसत राहिली. हात कोरडे होते तरी पुसत राहिली.

त्या दिवशी नवरा अर्ध्या रजेवर घरी आला. आम्ही पाणी बदललं, ती पिशवी पंपापाशी लावली, बादलीत नवं खारं पाणी करून त्याचं तापमान जुळवून नराला त्यात ठेवलं, धरायला एक प्लॅस्टिकची काडी दिली. मी दर थोड्या वेळानं कोळंब्या समोर सोडत होते. त्या त्याच्या नाकासमोरून खाली जात होत्या. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होती, दाराकडे पाठ करून. मी तिला बोलावलं, 'तू भरव, तुझ्याकडे येतो तो.' ती नको म्हणाली. मी पुन्हा बोलावलं. नको म्हणाली, आणि आपले हात पदराखाली घेतले.

तो तिसऱ्या दिवशी गेला. काडीला शेपटीचा वेढा तसाच होता. तो सोडवावा लागला, आणि ते नवऱ्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी आईनं पूजा केली नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. मी स्टीलचं ताट आणून ठेवलं, समई लावली, देव मांडून ठेवले. ती बघून गेली. मग मीच, मेली देवाधर्माला नावं ठेवणारी बाई, तिच्या देवांना अंघोळ घालायला बसले. मला क्रम आठवत नव्हता. ती मागून सांगेल असं वाटलं होतं. तिनं टाक आधी की बाळकृष्ण आधी हेसुद्धा सांगितलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. मी तिला माणसांत आणायला गेले होते.

तिची परत जायची तारीख जवळ आली तेव्हा ती एकदम म्हणाली, 'इथं समुद्र कुठंय? घोडे राहतात तो.'

मी तिला लाहिंचला नेलं. एनिसहून गाडीनं फार लांब नाही. जून होता, पण वारा असा की तिच्या साडीवर माझा रेनकोट घालावा लागला. लाटांवर फळ्या घेऊन मुलं खेळत होती. ओहोटी होती. आई ओल्या वाळूतून पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेली आणि तिनं पिशवीतून तो लोकरी मोजा काढला. मला तेव्हा कळलं आपण कशाला आलो ते.

'आई, नको.'

'मग कुणाकडं देऊ? तुझ्याकडं चालायचे नाहीत. तिथं माझ्यामागं कुणी नाही. मला आता त्यांच्या अंगावर पाणी घालवत नाही. उपाशी ठेवण्यापरीस पाण्यात बरे.'

अटलांटिक पायाला लागत होता, बर्फासारखा. तिनं मोज्यातून बाळकृष्ण बाहेर काढला. रांगणारा, हातात लोण्याचा गोळा, पुसून पुसून नाक गेलेला. तो तळहातावर घेऊन ती वाकली आणि वाकलेलीच थांबली.

'पितळेत तांबं असतं का गं?'

मला खोटं बोलता आलं असतं. पण माझ्या चेहऱ्यावरचं तिला लहानपणापासून वाचता येतं.

'असतं. पण एवढ्याशानं काही होत नाही, आई. हा समुद्र आहे. कितीतरी मोठा आहे. खरंच काही होत नाही.'

'तू आधीबी म्हणाली होतीस, नुसतं पाणी घालायचं, एवढंच.'

ती उभी राहिली. बाळकृष्ण तिनं रेनकोटाला पुसला, नाकाच्या जागी अंगठा फिरवला आणि परत मोज्यात घातला. मग पाण्याकडे बघतच बोलली. वारा होता, मला जवळ जावं लागलं.

'तुझ्या बाबांनाबी मीच पाजलं. नर्स म्हणाली होती, तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीबी नाही. त्यांचे ओठ फाटले होते गं. डोळ्यांनी मागत होते. मी गडूतलं तीर्थ नेलं होतं. ती बाहेर गेल्यावर दोन पळ्या घातल्या. ठसका लागला. मग झालंच.'

'बाबा तसेही वाचणार नव्हते,' मी म्हटलं. 'डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं.' हे खरं होतं. खरं असूनही ते मी लाहिंचच्या वाऱ्यात नुसतंच ओरडल्यासारखं झालं.

'असू दे,' ती म्हणाली. 'ते मी मनाला समजावलं होतं. म्हटलं, तीर्थ होतं, त्यानं कुणाचं वाईट होत नसतं. त्या एका गोष्टीवर दिवस काढले मी.'

मी तिला धरलं. ती धरू देत उभी राहिली. तिचे हात मोज्यासकट तिच्या छातीशी होते, तिनं ते माझ्याभोवती घातले नाहीत. मग आम्ही गाडीत बसलो. परतीच्या वाटेवर तिनं एकदाच तोंड उघडलं, थंडी वाजतेय म्हणून.

ती गेल्यावर टाकी मी काही आठवडे तशीच चालू ठेवली, पंप, दिवा, सगळं. आत काही नव्हतं. एकदा तांबं दगडावाळूत मुरलं की तिथं पुन्हा काही ठेवू नये म्हणतात. मग एका रविवारी नवऱ्यानं विचारलं, उचलू का, आणि मी हो म्हटलं. ताम्हन आणि गडू ती इथंच सोडून गेली. ते प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, काळे पडून आहेत. मी घासत नाही.

फोनवर ती बरी असायची. जेवलीस का विचारायची. मी पूजेचं विचारलं की शेजारणीचं सांगायची, ती येऊन करून जाते म्हणायची. तुळशीला पाणीही शेजारीणच घालत होती. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

२०१३ साली डिसेंबरात मी सांगलीला गेले. गाडीतून उतरले, जिना चढले. दार उघडं होतं. आमच्याकडे लांबून लेक आली की दारात थांबवतात, भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, मग आत घेतात. परदेशातून आल्यावर दर वेळी मी बॅगा घेऊन ताटकळत उभी राहायची आणि आईच्या त्या सोहळ्याला हसायची. या वेळी मी थांबले. आई आतून आली, मला बघून तिचा चेहरा उजळला, खरंच उजळला. ती दारापर्यंत आली आणि बाजूला झाली. 'ये आत,' म्हणाली. 'शेजारीण गावाला गेलीये गं.'

मी आत आले, बॅग ठेवली, खुर्चीवर बसले. बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या मिळतो, मग बोलणं. पोस्टमनलाही आमच्या घरात तो मिळायचा. ती समोरच्या खाटेवर बसली, हात मांडीवर घेऊन.

'माठ भरलेलाय,' ती म्हणाली. 'पाणी तुझं तू घे.'

मी उठले, फुलपात्र भरलं आणि तिथंच उभी राहून प्यायले. पिताना तिच्याकडे पाठ केली, कारण मला काही होतंय का ते ती बघत होती.